आत्मघाती जनुकासाठी प्रोड्रग निवडताना: गॅन्सिक्लोव्हिर, असायक्लोव्हिर आणि त्यांची व्हॅलिन-रूपे

हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचे थायमिडीन कायनेज (फॉस्फेट जोडणारे एन्झाइम) कर्करोगाच्या पेशींमध्ये आत्मघाती जनुक, म्हणजे औषधाच्या साथीने त्याच पेशीचा घात करणारे जनुक, म्हणून बसवायचे ठरले, की व्हेक्टर (जनुक पेशीत नेणारा वाहक) कोणता, प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) कोणता, किती पेशींपर्यंत जनुक पोहोचेल यावर महिनोन्‌महिने खल होतो. प्रोड्रगची, म्हणजे पेशीत बदल झाल्यावरच घातक होणाऱ्या औषधाची, निवड मात्र फ्रीजरमध्ये आधीपासून काय पडून आहे यावर उरकली जाते. मला हे बरोबर वाटत नाही. जनुक कितीही नेमके पोहोचले तरी ते स्वतः पेशीला मारत नाही; मारणारा रेणू प्रोड्रगपासून तयार होतो, आणि प्रयोगाच्या शेवटी जो आकडा हाती येतो त्यावर जनुकाइतकाच प्रोड्रगचाही प्रभाव असतो. ज्यांना ही निवड लवकरच करायची आहे त्यांच्यासाठी गॅन्सिक्लोव्हिर, असायक्लोव्हिर आणि या दोघांची व्हॅलिन (एक अमिनो आम्ल) जोडलेली रूपे, म्हणजे व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर आणि व्हॅलॅसायक्लोव्हिर, शेजारी शेजारी ठेवून पाहतो आहे. ही निवड मी स्वतः केलेली आहे आणि माझा कल एका बाजूला आहे. तो लपवण्याचे कारण नाही, पण जिथे दुसरी बाजू वरचढ आहे तिथे तसे सांगेन.

मूळ यंत्रणा वाचकाला ठाऊक आहे असे धरतो. विषाणूचे कायनेज पहिला फॉस्फेट जोडते, दुसरा पेशीचे स्वतःचे ग्वानिलेट कायनेज जोडते, तिसरा जोडणारी एन्झाइमे पेशीत मुबलक असतात, आणि तयार झालेला ट्रायफॉस्फेट डीएनएत शिरून घात करतो. १९८६ साली मूल्टन यांनी ही जोडी गॅन्सिक्लोव्हिरसह मांडली आणि १९९२ साली कल्व्हर व सहकाऱ्यांनी रॅटच्या, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदरांच्या, मेंदूतल्या अर्बुदांवर ती वापरून दाखवली, तेव्हापासून या क्षेत्राची सवय गॅन्सिक्लोव्हिरची आहे. सवय हे निवडीचे कारण होऊ शकत नाही, म्हणून तुलना करावी लागते. चारही औषधे शेवटी त्याच वाटेने जातात. त्यांच्यातला फरक विषाणूचे कायनेज त्यांना किती आवडीने पकडते, डीएनएत गेल्यावर काय होते आणि मुळात ती कायनेजपर्यंत कशी पोहोचतात, एवढ्यातच आहे. माझा निर्णय शेवटच्या मुद्द्यावर झाला, पण आधीचे दोन मुद्दे टाळून तिथे पोहोचता येत नाही.

असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध म्हणून फार विचारपूर्वक घडवलेले आहे. ज्या कामासाठी गर्ट्रूड एलियन यांना १९८८ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, त्या कामात त्याला मानाचे स्थान आहे. विषाणूची लागण झालेल्या पेशीत ते जागे होते आणि इतर पेशींना जवळजवळ धक्का लावत नाही. अडचण अशी की त्याचा हा सौम्यपणाच आपल्या कामाच्या आड येतो, कारण इथे विषाणू नाही, मानवी पेशीच मारायची आहे. असायक्लोव्हिरच्या बाजूच्या साखळीत ३′ हायड्रॉक्सिलची जागा भरून काढणारा गट नाही, त्यामुळे ते डीएनएत शिरले की साखळी तिथेच थांबते. हे ऐकायला निर्णायक वाटते, परंतु मानवी डीएनए पॉलिमरेज त्याचा ट्रायफॉस्फेट मुळात फारसा उचलतच नाहीत. शिवाय तो ट्रायफॉस्फेट पेशीत टिकतही नाही: हर्पिसची लागण झालेल्या पेशींत त्याचे अर्धआयुष्य सुमारे ०.७ ते १ तास आहे. त्याच्या तुलनेत पेन्सिक्लोव्हिर या त्याच कुळातल्या औषधाचा ट्रायफॉस्फेट तशाच पेशींत १० ते २० तास टिकतो. कायनेजची पसंतीही अशीच उतरती आहे. थायमिडीनसाठी या एन्झाइमचा मायकेलिस स्थिरांक (तो जितका लहान तितकी पकड घट्ट) एका मायक्रोमोलरच्या आत आहे, गॅन्सिक्लोव्हिरसाठी तो काही दशक मायक्रोमोलरमध्ये जातो आणि असायक्लोव्हिरसाठी शेकड्यांत.

गॅन्सिक्लोव्हिरमध्ये एक जादा हायड्रॉक्सिमिथिल गट आहे आणि सगळे चित्र त्याने बदलते. डीएनएत गेल्यावर साखळी तिथेच थांबेल अशी सक्ती उरत नाही, ती पुढे वाढू शकते, आणि म्हणून पेशी पहिले विभाजन पार करून जाते. खरा अडथळा पुढच्या चक्रात येतो, जेव्हा त्याच बिघडलेल्या साच्यावरून नव्याने नक्कल करण्याची वेळ येते. सूक्ष्मदर्शकाखाली हे स्पष्ट दिसते: औषध घातल्याच्या दुसऱ्या दिवशी प्लेट जवळजवळ निरोगी वाटते, मग पेशी पसरट आणि मोठ्या होऊ लागतात, त्यांची केंद्रके फुगतात, त्यांच्यामधली जागा रिकामी होत जाते, आणि त्यानंतर कुठे त्या तळापासून सुटतात. म्हणून ४८ तासांवर एमटीटी चाचणी (जिवंत पेशींनी तयार केलेला रंग मोजणारी) लावणाऱ्याला गॅन्सिक्लोव्हिर कमजोर वाटण्याची शक्यता असते. फुगलेल्या, मरणाच्या वाटेवर असलेल्या पेशींची मायटोकाँड्रिया रंग तयार करतच राहतात. ज्यांना खरा परिणाम पाहायचा आहे त्यांनी वसाहती मोजण्याची चाचणी करावी, आणि ते जमत नसेल तर निदान पेशींची दोन विभाजने उलटून जाईपर्यंत थांबावे, असे मी आग्रहाने सुचवेन.

या दोघांत एकाची निवड करायची झाली तर बहुतेक प्रयोगशाळांसाठी ती अवघड नाही. कायनेज असलेल्या पेशींवर गॅन्सिक्लोव्हिर साधारणतः काही मायक्रोमोलरच्या आत काम करते, असायक्लोव्हिरला त्याच्या कितीतरी पट मात्रा लागते, आणि इतकी मात्रा प्राण्याच्या रक्तात टिकवणे कठीण असते. असायक्लोव्हिरच्या बाजूने एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. कायनेज नसलेल्या पेशींना, विशेषतः अस्थिमज्जेतल्या पूर्वज पेशींना, ते पुष्कळ कमी त्रास देते. ज्यांचा प्रयोग रक्तपेशी तयार करणाऱ्या ऊतीच्या आसपास आहे त्यांनी गॅन्सिक्लोव्हिरचा मज्जेवरचा परिणाम किरकोळ समजू नये. एसआर३९ सारखे सुधारित कायनेज हाताशी असेल तर दोन्ही औषधांची मात्रा खाली आणता येते आणि असायक्लोव्हिरची बाजू थोडी सावरते. तरीही माझ्या पाहण्यात दोघांमधले अंतर पूर्णपणे बुजत नाही.

इथे एक गोष्ट जाता जाता सांगायला हवी, कारण ती चारही औषधांना लागू आहे आणि तिच्याकडे बहुधा दुर्लक्ष होते. थायमिडीन हे या कायनेजचे आवडते खाद्य आहे, आणि ते पेशी वाढवण्याच्या काही माध्यमांत आपणच घालून ठेवलेले असते. हॅम्स एफ१२ मध्ये लिटरला सुमारे ०.७ मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ ३ मायक्रोमोलर थायमिडीन असते. अल्फा-एमईएम न्यूक्लिओसाइडसह आणि त्यांच्याविना अशा दोन्ही रूपांत मिळते. डीएमईएम आणि आरपीएमआय १६४० मध्ये ते नसते. ज्या एन्झाइमला थायमिडीन एका मायक्रोमोलरच्या आत पुरते, त्याच्यासमोर ३ मायक्रोमोलर थायमिडीन आणि ५ मायक्रोमोलर गॅन्सिक्लोव्हिर ठेवले तर ते आधी काय उचलेल हे वेगळे सांगण्याची गरज नाही. डीएमईएम आणि एफ१२ यांचे मिश्रण वापरणाऱ्या गटांचे आकडे डीएमईएम वापरणाऱ्यांशी जुळत नाहीत, तेव्हा प्रोड्रगला बोल लावण्यापूर्वी बाटलीवरचे लेबल वाचावे.

बायस्टँडर परिणामाबद्दलही, म्हणजे जनुक न पोहोचलेल्या शेजारच्या पेशीही मरतात त्याबद्दल, एवढेच सांगतो की फॉस्फेट जोडलेला गॅन्सिक्लोव्हिर गॅप जंक्शनमधून (दोन पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म मार्गांतून) शेजारच्या पेशीत जातो, आणि त्यासाठी कोनेक्सिन ४३ सारख्या प्रथिनांनी बनलेले मार्ग उघडे असावे लागतात. या बाबतीत प्युरिन वर्गातली औषधे (गॅन्सिक्लोव्हिर त्यांपैकीच) पिरिमिडीन वर्गातल्यांपेक्षा सरस ठरतात असे बाल्झारिनी यांच्या गटाने दाखवले आहे. जनुक जेमतेम काही टक्के पेशींत पोहोचते अशा परिस्थितीत हा गुण फार मोलाचा आहे, कारण उरलेल्या पेशींचे काय करायचे हाच त्या प्रयोगांतला खरा प्रश्न असतो.

आता माझ्या निर्णयाच्या मुद्द्याकडे येतो. व्हॅलिन-रूपांचे आकर्षण मी पूर्णपणे समजू शकतो. गॅन्सिक्लोव्हिर तोंडावाटे दिले तर त्याचा दहावा हिस्साही रक्तात पोहोचत नाही. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर अन्नासोबत दिले तर सुमारे ६० टक्के पोहोचते. असायक्लोव्हिरची तोंडावाटे उपलब्धता १५ ते २० टक्के, तर व्हॅलॅसायक्लोव्हिरची ५५ टक्क्यांच्या आसपास. आतड्यातला पेप्टाइड वाहक व्हॅलिनला ओळखून रेणूला आत ओढतो, आतड्याच्या भिंतीतली आणि यकृतातली एस्टरेज ही एन्झाइमे व्हॅलिन कापून टाकतात, आणि माणसाच्या रक्तात न कापलेले व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर नगण्य प्रमाणात उरते. जिवंत शरीरात ही व्यवस्था इतकी सुरळीत चालते की तिच्यावर शंका घेण्याचे कारण नाही. शंका येते ती प्लेटमध्ये.

प्लेटमध्ये आतडे नाही आणि यकृतही नाही. तिथे व्हॅलिन कोण कापणार, हा प्रश्न त्या पेशींच्या स्वतःच्या एस्टरेजवर, माध्यमातल्या सीरमवर आणि शुद्ध रसायनशास्त्रावर सोपवलेला असतो. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर हायड्रोक्लोराइड पाण्यात सहज विरघळते आणि द्रावण आम्लधर्मी असल्यामुळे त्यात ते बऱ्यापैकी टिकते. पण तेच द्रावण उदासीन पीएचच्या माध्यमात मिसळले, की इन्क्युबेटरच्या उबेत ते एन्झाइमाविनाही हळूहळू उकलू लागते. म्हणजे आदल्या दिवशी पातळ करून ठेवलेले माध्यम आणि आज सकाळी तयार केलेले माध्यम यांवर लिहिलेली मात्रा एकच असली, तरी पेशींना मिळणारे औषध एकच नसते. सीरमची बॅच बदलली की एस्टरेजची क्रियाशीलता बदलू शकते. काही अर्बुद-पेशींवर पेप्टाइड वाहक असतात आणि काहींवर नसतात, त्यामुळे दोन पेशी-वंशांची तुलना करताना आपण कायनेजची तुलना करतो आहोत की वाहकाची, हे सांगता येत नाही.

माझ्या अनुभवात हाच त्रास सर्वांत चिवट ठरला. एकाच पेशी-वंशावर, एकाच घनतेला, व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरचा मात्रा-परिणाम वक्र दर वेळी थोडा इकडे किंवा तिकडे सरकायचा. तो इतकाही सरकत नसे की प्रयोग फसला असे म्हणावे, आणि इतका स्थिरही नसे की शेजारच्या गटाला निर्धास्तपणे पाठवावा. माध्यमाचा नमुना एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) घातला की कारण समोर दिसे. गॅन्सिक्लोव्हिरचे एकच स्वच्छ शिखर येते. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरची मात्र एकमेकांना लगटून दोन शिखरे येतात, कारण व्हॅलिन कोणत्या टोकाच्या हायड्रॉक्सिलवर बसले आहे त्यानुसार त्याचे दोन डायस्टिरिओमर (अवकाशीय रचनेत वेगळी रूपे) असतात आणि औषध या दोघांचे मिश्रणच असते. प्लेट इन्क्युबेटरमध्ये जसजशी मुरते तसतशी ती दोन शिखरे बसत जातात आणि गॅन्सिक्लोव्हिरचे शिखर उंचावत जाते. हे पाहायला समाधानकारक आहे, पण याचा अर्थ असा की पेशींना मिळणारी खरी मात्रा तासागणिक बदलते आहे आणि आलेखाच्या आडव्या अक्षावर आपण जो आकडा लिहितो तो केवळ आरंभबिंदूचा आहे.

याचे खरे नुकसान अपयशाच्या वेळी कळते. समजा, कायनेज असलेल्या पेशी मेल्या नाहीत. साध्या गॅन्सिक्लोव्हिरच्या बाबतीत शोध घ्यायच्या जागा मोजक्या आणि परिचित असतात: कायनेज व्यक्त होत नसेल, थायमिडीन आड येत असेल, ग्वानिलेट कायनेज अपुरे असेल, किंवा पेशी विभाजितच होत नसतील. व्हॅलिन-रूप वापरले की या सगळ्यांच्या आधी आणखी एक दार येते. ही दोन कुलपांची पेटी आहे. ती उघडली नाही तर कोणते कुलूप अडले हे बाहेरून कळत नाही. नेहमीच्या नियंत्रणांनीही ते कळत नाही. कायनेज नसलेल्या पेशी औषधासह आणि कायनेज असलेल्या पेशी औषधाविना, ही दोन्ही नियंत्रणे व्हॅलिन कापले गेले की नाही याबद्दल काहीही सांगत नाहीत. ते सांगणारे एकच नियंत्रण आहे: त्याच प्लेटमध्ये शेजारी साध्या गॅन्सिक्लोव्हिरची एक रांग. आणि ती रांग जर लावायचीच आहे, तर पेशीसंवर्धनात व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर वापरून आपण नेमके काय मिळवले, याचे पटण्याजोगे उत्तर मला अजून सापडलेले नाही. व्हॅलॅसायक्लोव्हिरबद्दल हेच सारे लागू आहे, फक्त तिथे कुलूप उघडल्यावरही आत असायक्लोव्हिरच असते.

माझा कल गॅन्सिक्लोव्हिरकडे आहे म्हणून त्याचे दोष झाकणार नाही. ते पाण्यात फार विरघळत नाही: २५ अंशांवर मिलिलिटरला सुमारे २.६ मिलिग्रॅम. रेणुभार २५५ धरला तर हे जवळजवळ १० मिलिमोलर होते, आणि नेमक्या याच तीव्रतेचा साठा करण्याचा मोह सर्वांना होतो, कारण तो हजारपट पातळ केला की १० मायक्रोमोलर मिळते. असा साठा काठावर उभा असतो. फ्रीजमध्ये ठेवला की नळीच्या तळाशी स्फटिक जमतात, आणि नळी उजेडासमोर तिरकी धरल्याशिवाय ते नजरेत येत नाहीत. उपाय साधा आहे: साठा निम्म्या तीव्रतेचा करावा, किंवा डीएमएसओ या द्रावकात करून माध्यमातले त्याचे प्रमाण सर्व वेल्समध्ये सारखे ठेवावे; आणि वापरण्यापूर्वी नळी ३७ अंशांवर ऊब देऊन, हलवून, डोळ्यांनी पाहून घ्यावी. हा दोष त्रासदायक आहे यात वाद नाही, परंतु तो दिसतो, आणि दिसला की त्याच जागी सुधारता येतो. व्हॅलिन-रूपाचा दोष दिसण्यासाठी एचपीएलसी लागते, म्हणून दोघांना मी एकाच तागडीत तोलत नाही.

प्राण्यांच्या प्रयोगात मात्र तुलना इतकी एकतर्फी राहत नाही. २० ग्रॅम वजनाच्या उंदराला किलोला ५० मिलिग्रॅम या मात्रेने १ मिलिग्रॅम गॅन्सिक्लोव्हिर लागते. शिरेतून देण्यासाठी जे सोडियम लवण मिळते ते पाण्यात मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमहून अधिक विरघळते खरे, पण त्याचे द्रावण तीव्र अल्कधर्मी असते, पीएच ११ च्या घरात. ते तसेच पोटाच्या पोकळीत टोचणे प्राण्यासाठी क्लेशदायक आहे. ते उदासीन करायला जावे तर औषध पुन्हा अविद्युतभारित रूपात येते आणि ३७ अंशांवरही मिलिलिटरला सुमारे ६ मिलिग्रॅमपलीकडे टिकत नाही. मी मिलिलिटरला २.५ मिलिग्रॅमचे उदासीन द्रावण वापरतो आणि ०.४ मिलिलिटर देतो. आकारमान थोडे जास्त होते, ते नीतिविषयक समितीच्या मर्यादेत बसते की नाही हे आधी तपासावे लागते, पण प्राणी शांत राहतात. औषध उंदराच्या शरीरातून झपाट्याने निघून जात असल्यामुळे मात्रा दिवसातून दोनदा विभागून द्यावी लागते, आणि रोजच्या दोन टोचण्यांचा ताण प्राण्यालाही होतो व हाताळणाऱ्यालाही.

ज्यांचा प्रयोग दीर्घ मुदतीचा आहे आणि ज्यांना इतक्या टोचण्या टाळायच्या आहेत, त्यांनी व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरचा विचार अवश्य करावा. तिथे त्याची उकल करायला आतडे आणि यकृत हजर असतात, त्यामुळे माझी मुख्य हरकत गळून पडते. फक्त मात्रा वजनाने नव्हे तर मोलने बदलावी. हायड्रोक्लोराइडचा रेणुभार सुमारे ३९१ आहे, म्हणून ५० मिलिग्रॅम गॅन्सिक्लोव्हिरच्या जागी सुमारे ७७ मिलिग्रॅम लवण मोजावे लागते, आणि त्यावर तोंडावाटे होणारी घट वेगळी धरावी लागते. माणसांसाठीच्या गोळ्यांवर लिहिलेले ४५० मिलिग्रॅम हे व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरचे वजन आहे, लवणाचे नव्हे. त्या गोळ्या कुटून खाद्यात मिसळण्याची कल्पना मनातून काढून टाकावी: ही औषधे जनुकांना आणि गर्भाला घातक मानली जातात आणि गोळी फोडू नये असे उत्पादकच सांगतात. तोंडावाटे द्यायचे तर नळीने मोजून द्यावे. पिण्याच्या पाण्यात मिसळण्याचा मार्ग सोपा वाटतो, परंतु ज्याची गाठ वाढली आहे असा उंदीर कमी पितो, म्हणजे ज्याला औषधाची सर्वाधिक गरज आहे त्यालाच ते सर्वांत कमी मिळते. कायनेज सर्व पेशींत असलेले ट्रान्सजेनिक उंदीर वापरणाऱ्यांनी नर वंध्य निघण्याची शक्यता वंशावळ आखतानाच ध्यानात घ्यावी. या जनुकाच्या आत दडलेला प्रमोटर वृषणात जागा होतो.

रुग्णांवरच्या चाचण्यांत व्हॅलॅसायक्लोव्हिरने जी जागा मिळवली आहे ती पाहून कोणी माझ्याशी वाद घालू शकेल, आणि तो वाद रास्त आहे. अग्लॅटिमाजीन बेसाडेनोवेक या अ‍ॅडेनोव्हायरस-आधारित उपचारात प्रोड्रग म्हणून व्हॅलॅसायक्लोव्हिर तोंडावाटे दिले जाते. प्रोस्टेटच्या कर्करोगात किरणोपचाराबरोबर त्याची ७४५ रुग्णांवर झालेली तिसऱ्या टप्प्याची चाचणी रोगमुक्त जगण्याच्या निकषावर यशस्वी झाल्याचे २०२४ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झाले. दुसरीकडे गॅन्सिक्लोव्हिरसह झालेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या (मेंदूच्या कर्करोगाच्या) मोठ्या चाचण्या, २००० साली प्रसिद्ध झालेली २४८ रुग्णांची आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेली सिटिमाजीन सेराडेनोवेक या तशाच अ‍ॅडेनोव्हायरस-आधारित उपचाराची, एकूण आयुर्मान वाढवू शकल्या नाहीत. यावरून व्हॅलॅसायक्लोव्हिर सरस असा निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते. अवयव वेगळे, व्हेक्टर वेगळे, सोबतचे उपचार वेगळे. आणि मेंदूतल्या त्या चाचण्यांत अडचण मुख्यतः जनुक फार थोड्या पेशींत पोहोचण्याची होती. घरी जाऊन गोळ्या घेता येणे हा रुग्णासाठी मोठा लाभ आहे, त्यासाठी डॉक्टरांनी थोडी ताकद सोडली तर ते योग्यच आहे. प्रयोगशाळेत ती ताकद सोडण्याचे कारण नसते.

बाकीच्या पर्यायांवर थोडक्यात. पेन्सिक्लोव्हिर मला आवडते, पण त्याची खरी जागा आता मारण्यात नाही तर पाहण्यात आहे: त्याचेच फ्लोरीन-१८ असलेले भावंड एफएचबीजी पेट स्कॅनमध्ये कायनेज कुठे व्यक्त झाले ते दाखवते, आणि उपचाराआधी ते पाहता आले तर पुढचे अंदाज पुष्कळ कमी करावे लागतात. ब्रिव्ह्युडीन हे दुसरे विषाणूविरोधी औषध कायनेज असलेल्या पेशींत थायमिडिलेट सिंथेज अडवून काम करते, म्हणजे वाटच निराळी. परंतु थायमिडीन फॉस्फोरिलेज ते सहज तोडते, आणि संवर्धनात मायकोप्लाझ्मा हा सूक्ष्म जिवाणू शिरला असेल तर हे तोडणे आणखी वाढते. शिवाय तुटून निघणारे ब्रोमोव्हिनिलयुरॅसिल शरीरात ५-फ्लुरोयुरॅसिल या कर्करोगावरच्या औषधाचा निचरा करणारे एन्झाइम बंद पाडते. १९९३ साली जपानमध्ये त्याच कुळातल्या सोरिव्ह्युडीनमुळे ५-फ्लुरोयुरॅसिल घेणाऱ्या रुग्णांचे मृत्यू झाले ते याच कारणाने. म्हणून जे सायटोसीन डिअमिनेज (५-फ्लुरोसायटोसीनपासून ५-फ्लुरोयुरॅसिल बनवणारे दुसरे आत्मघाती जनुक) आणि थायमिडीन कायनेज एकत्र वापरून ५-फ्लुरोसायटोसीनही देणार आहेत, त्यांनी ब्रिव्ह्युडीनपासून दूर राहावे. फियाल्युरिडीन या आणखी एका विषाणूविरोधी औषधाची १९९३ ची चाचणी, तिच्यातल्या १५ रुग्णांपैकी पाच जणांचा यकृत निकामी होऊन झालेला मृत्यू, आणि उंदरांत त्याची पूर्वसूचना न मिळणे, हे सर्व लक्षात घेता ते पेशी निवडण्यापुरते वापरतानाही हातमोजे आणि हूड यांत सवलत घेऊ नये.

गॅन्सिक्लोव्हिर टाळावे असे मी आपणहून सांगेन असे एकच क्षेत्र आहे. प्रत्यारोपणात दात्याच्या लिम्फोसाइटमध्ये (पांढऱ्या रक्तपेशींत) हेच कायनेज सुरक्षेचा खटका म्हणून, म्हणजे गरज पडल्यास त्या पेशी मारता याव्यात यासाठी, बसवण्याची पद्धत बोनिनी आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवली. युरोपात त्यावर आधारलेल्या उपचाराला २०१६ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि २०१९ मध्ये तो मागे घेतला गेला. अशा रुग्णाला सायटोमेगॅलोव्हायरस झाला तर त्यावरचे नेहमीचे औषध गॅन्सिक्लोव्हिरच असते, आणि ते दिले की आपण जपून दिलेल्या पेशीही मरतात. मग फॉस्कार्नेटसारखा पर्याय शोधावा लागतो. तिथे प्रश्न कोणता प्रोड्रग निवडावा हा राहतच नाही. खटकाच बदलावा का, हा होतो. घट्ट गाठींवर काम करणाऱ्यांना ही अडचण नाही. त्यांनी पहिला मात्रा-परिणाम वक्र साध्या गॅन्सिक्लोव्हिरने, थायमिडीन नसलेल्या माध्यमात आणि दोन विभाजनांच्या अवधीवर काढावा, आणि तो दोनदा जुळल्यावरच, प्राण्यांत टोचण्या टाळायच्या असतील तर, व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरकडे वळावे.